बालदिन : उगम, परंपरा व कर्तव्य

दरवर्षी नोव्हेंबर महिन्याच्या 14 तारखेस भारतातील बहुतेक सर्व शाळांतून बालदिन साजरा होतो. सकाळी प्रभातफेरी निघते, पंडित जवाहरलाल नेहरूंच्या प्रतिमेस पुष्पहार अर्पण केला जातो, मुलांची भाषणे होतात, खेळांच्या स्पर्धा होतात व शेवटी खाऊ वाटून कार्यक्रमाची सांगता होते. हा क्रम इतका रुळून गेला आहे की, हा दिवस कोणी, केव्हा व कशासाठी सुरू केला, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. वस्तुतः बालदिनाचा इतिहास उद्बोधक आहे. तो नीट समजून घेतला म्हणजे पाचोडसारख्या गावातील शाळेने ह्या दिवशी नेमके काय करावे, हेही आपोआप स्पष्ट होते.

घरचे मूल

मुलाचे कौतुक करण्याची रीत महाराष्ट्रास नवी नाही. मूल जन्मल्यावर पाचव्या किंवा सहाव्या रात्री सटवाईची पूजा होते. त्या रात्री देवता येऊन बाळाच्या भाळी त्याचे भाग्य लिहून जाते, अशी श्रद्धा असल्यामुळे पूजेत कोरा कागद व लेखणी ठेवण्याचीही चाल अनेक घरांत आढळते. पुढे बारसे होते, उष्टावण होते. संक्रांतीच्या सुमारास लहान मुलास हलव्याचे दागिने घालून बोरन्हाण घालतात. बोरे, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, रेवड्या व उसाचे करवे त्याच्या डोक्यावरून ओततात आणि शेजारपाजारची मुले ती वेचून घेतात. दसऱ्यास पाटीवर एकाच्या आकड्यांनी सरस्वती काढून तिची पूजा होते. पोळ्यास मातीचे बैल, नागपंचमीस झोके, दिवाळीस अंगणातील किल्ला, अशा रीतीने वर्षातील बहुतेक सणांत मुलांसाठी काही ना काही राखून ठेवलेले आहे.

ह्या सर्व चालीरीती गोड आहेत व त्या टिकाव्यात असेच कोणालाही वाटेल. परंतु त्यांची एक मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. त्या बहुतांशी आपल्या घरच्या, फार तर आपल्या आळीतील मुलासाठी आहेत. ज्याचे घरच फाटके, ज्याचे आईबाप पोटासाठी परगावी गेलेले, त्या मुलाच्या वाट्यास बोरन्हाण येत नाही आणि पाटीपूजनही येत नाही. बालदिनाचे वेगळेपण येथेच आहे. तो घरच्या मुलाचा सण नसून समाजातील प्रत्येक मुलाचा, विशेषतः ज्याचे कौतुक करावयास घरी कोणी नाही अशा मुलाचा, दिवस आहे.

परक्याचे मूल

हा विचार केवळ पश्चिमेकडून आला असे समजण्याचे कारण नाही. पाचोड हे पैठण तालुक्यातील गाव. त्या पैठणचे संत एकनाथ महाराज इ. स. 1599 मध्ये समाधिस्थ झाले. त्यांच्या चरित्रातील एक प्रसंग पैठण परिसरात आजही घरोघरी सांगितला जातो. भर उन्हाळ्यात दोन प्रहरी गोदावरीच्या वाळवंटात एक लहान मूल चुकून मागे राहिले व तापलेल्या वाळूने पाय भाजू लागल्यामुळे आक्रोश करू लागले. ते मूल त्या काळी अस्पृश्य गणल्या गेलेल्या समाजातील होते, म्हणून त्यास कोणी हात लावण्यास धजेना. नाथांनी त्यास कडेवर उचलले, त्याचे अश्रू पुसले व त्याच्या आईच्या स्वाधीन केले. ही कथा संतचरित्रकारांनी लिहून ठेवली आहे. तिचे तात्पर्य असे की, रडणारे मूल कोणाचे आहे हे न पाहता जो त्यास उचलतो, तोच खरा त्याचा पालक होय.

हीच दृष्टी पुढे शिक्षणाच्या क्षेत्रात प्रकट झाली. महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले. त्यात निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेले व पुढे बडोद्याच्या गादीवर बसलेले महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी 1893 साली अमरेली भागात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि 1906 साली तो सर्व संस्थानास लागू केला. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1911 साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले; ते नामंजूर झाले, तरी त्या विषयास चालना मिळाली. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांनी 1917 साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि जे पालक मुलास शाळेत धाडणार नाहीत त्यांस दरमहा 1 रुपया दंड ठरविला. ह्या थोर पुरुषांनी बालदिन साजरा केला नाही. पण बालदिनाचा जो गाभा, म्हणजे 'परक्याचे मूलही आपलेच', तो त्यांनी कृतीत उतरविला.

मराठवाडा त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 17 सप्टेंबर 1948 रोजी हा प्रदेश मुक्त झाला, 1 नोव्हेंबर 1956 रोजी तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्याचा भाग झाला. 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा कार्य करू लागल्या व खेड्यातील प्राथमिक शाळांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. संस्थानी राजवटीत खेड्यातील मुलांच्या मातृभाषेतील शिक्षणाकडे पुरेसे लक्ष दिले गेले नव्हते. ती उणीव भरून काढण्याचे कार्य ह्या शाळांनी हाती घेतले.

जगातील बालदिनाचा उगम

मुलांसाठी वर्षातील एक दिवस राखून ठेवण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात सुरू झाली. तेथील चेल्सी गावचे धर्मोपदेशक चार्ल्स लेनर्ड यांनी जून महिन्यातील एका रविवारची प्रार्थना खास मुलांसाठी ठेवली. परंतु तो एका प्रार्थनामंदिरापुरता उपक्रम होता. सर्व मुलांचा विचार जगाने करावा, ही कल्पना पुढे आली ती पहिल्या महायुद्धाच्या राखेतून.

1918 साली युद्ध थांबले, तरी जर्मनी व ऑस्ट्रिया ह्या पराभूत देशांची नाकेबंदी चालूच राहिली व तेथील मुले अन्नावाचून तडफडू लागली. ती शत्रूची मुले असल्यामुळे विजयी इंग्लंडमध्ये त्यांचे नाव काढणे हाही अपराध समजला जाई. अशा वेळी एग्लंटाइन जेब ह्या इंग्रज बाईंनी उपाशी ऑस्ट्रियन बालकाचे चित्र असलेली पत्रके लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात वाटली. त्याबद्दल त्यांच्यावर खटला होऊन 5 पौंड दंड झाला. परंतु त्यांच्या निष्ठेचा सरकारी वकिलाच्या मनावर इतका परिणाम झाला की, दंडाची रक्कम त्याने स्वतः देऊ केली, असे सांगतात. त्याच वर्षी, म्हणजे 1919 मध्ये, जेब व त्यांच्या भगिनी डोरोथी बक्स्टन यांनी मुलांच्या साहाय्यासाठी 'सेव्ह द चिल्ड्रन फंड' ही संस्था स्थापन केली.

जेब यांनी बालकांच्या हक्कांचा एक लहानसा मसुदा लिहिला. केवळ पाच कलमांचा हा मसुदा राष्ट्रसंघाने 1924 साली जिनीव्हा येथे मान्य केला. भुकेल्या मुलास अन्न द्यावे, आजारी मुलास औषधोपचार मिळावा, मागे पडलेल्यास हात द्यावा, अनाथास आसरा मिळावा, संकटसमयी सर्वांत आधी मुलास साहाय्य व्हावे, मुलाची पिळवणूक होऊ नये, असा त्याचा आशय आहे. पुढील वर्षी, 1925 साली, जिनीव्हा येथेच बालकल्याणाची जागतिक परिषद भरली व तेव्हापासून निरनिराळ्या देशांत बालदिनाचा प्रसार होऊ लागला.

तुर्कस्तानात ह्या दिवसास राष्ट्रीय स्वरूप प्राप्त झाले. 23 एप्रिल 1920 रोजी अंकारा येथे त्या देशाची राष्ट्रीय सभा प्रथम भरली. युद्धात पोरक्या झालेल्या मुलांसाठी त्या तारखेस निधी गोळा करण्याची प्रथा पडली आणि पुढे तोच तेथील राष्ट्रीय सार्वभौमत्वाचा व मुलांचा दिवस ठरला. जपानमध्ये 1948 सालच्या कायद्यान्वये 5 मे हा बालदिन झाला. त्या दिवशी घराघरांवर कागदाच्या वा कापडाच्या माशांच्या पताका फडकतात. अनेक देशांत 1950 पासून 1 जून हा दिवस पाळला जातो.

14 डिसेंबर 1954 रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने असा ठराव केला की, प्रत्येक राष्ट्राने आपणास सोयीचा वाटेल तो दिवस बालदिन म्हणून पाळावा. पुढे 20 नोव्हेंबर 1959 रोजी बालहक्कांची घोषणा आणि 1989 साली त्याच तारखेस बालहक्कांचा करार मान्य झाला. म्हणून 20 नोव्हेंबर हा जागतिक बालदिन गणला जातो. भारताने ह्या करारास 11 डिसेंबर 1992 रोजी संमती दिली. जगाचा दिवस 20 नोव्हेंबर व भारताचा 14 नोव्हेंबर, ह्यात विसंगती काहीच नाही. आपापला दिवस निवडण्याची मुभा मूळ ठरावातच आहे.

14 नोव्हेंबर हीच तारीख का ?

पंडित जवाहरलाल नेहरू यांचा जन्म 14 नोव्हेंबर 1889 रोजी अलाहाबाद, म्हणजे आजचे प्रयागराज, येथे झाला. त्यांस मुलांचा लळा होता हे सर्वश्रुत आहे. परंतु त्या लळ्यास विचाराची जोड होती, हे सांगितले पाहिजे. 1928 सालच्या उन्हाळ्यात त्यांची दहा वर्षांची कन्या इंदिरा मसुरीस होती. तिला त्यांनी पृथ्वीची उत्पत्ती, प्राचीन मानव, भाषा व संस्कृती ह्या विषयांवर सोप्या शब्दांत पत्रे लिहिली. ती 1929 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. मुलाशी बोलताना विषय लहान करण्याचे कारण नाही, केवळ वाक्य सोपे केले की पुरे, हा धडा शिक्षकांनी त्या पत्रांतून घ्यावा असा आहे. पुढे 1942 ते 1945 ह्या काळात ते शेजारच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, येथील किल्ल्यात बंदिवान होते. तेथेच 1944 साली त्यांनी 'भारताचा शोध' हा आपला विख्यात ग्रंथ लिहिला. ह्या किल्ल्याचा व त्या ग्रंथाचा संबंध आपल्या विद्यार्थ्यांस अवश्य सांगावा.

1949 साली टोकिओतील मुलांनी त्यांच्याकडे एक हत्ती मागितला. युद्धकाळात तेथील प्राणिसंग्रहालयातील हत्ती मरण पावले होते. नेहरूंनी भारतीय मुलांच्या वतीने हत्तीण पाठविली व तिला आपल्या कन्येचे, इंदिरेचे, नाव दिले. नुकत्याच पराभूत झालेल्या देशाच्या मुलांना पाठविलेली ही भेट व एग्लंटाइन जेब यांनी शत्रूच्या मुलांसाठी केलेली धडपड, ह्या दोहोंमागील भाव एकच आहे.

पंडितजींच्या निधनानंतर, म्हणजे 27 मे 1964 नंतर, त्यांच्या स्मरणार्थ बालदिन 14 नोव्हेंबरला आणला गेला, असे पुष्कळदा भाषणांतून सांगितले जाते. ते बरोबर नाही. त्यांच्या हयातीतच ह्या तारखेस बालदिन साजरा होत असे आणि त्याचा सहज दाखविता येण्यासारखा पुरावा म्हणजे भारतीय टपाल खात्याने 14 नोव्हेंबर 1957 रोजी बालदिनानिमित्त काढलेली तीन तिकिटे होत. विद्यार्थ्यांस इतिहास शिकविताना अशा बारीक पुराव्यांकडे त्यांचे लक्ष वेधणे हितावह ठरते.

तीन तिकिटांचा बोध

त्या वर्षीच्या 1 एप्रिलपासून देशात दशमान नाणी सुरू झाली होती. म्हणून तिकिटांच्या किमती नव्या पैशांत छापल्या गेल्या. 8 नव्या पैशांच्या तिकिटावर केळे खाणारा मुलगा आहे. त्याचा विषय पोषण. 15 नव्या पैशांच्या तिकिटावर पाटीवर लिहिणारी मुलगी आहे. त्याचा विषय शिक्षण. 90 नव्या पैशांच्या तिकिटावर बंगालमधील बांकुरा भागातील मातीचा घोडा आहे. त्याचा विषय क्रीडा व मनोरंजन. पाटी मुलीच्या हाती दिली, ही गोष्टही लक्षणीय आहे. पोषण, शिक्षण व खेळ ह्या तीन शब्दांत बालदिनाचा सर्व अर्थ सामावला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या तिन्ही बाबतींत देशाने पुढे पावले टाकली. पोषणाच्या दृष्टीने 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातील 33 ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली व तिच्यातून अंगणवाड्या उभ्या राहिल्या. अंगणवाडी ह्या कल्पनेची जडणघडण महाराष्ट्रातच झाली, हे अभिमानाने सांगावे. ताराबाई मोडक यांनी 1945 साली ठाणे जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील, बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. पुढे त्यांनी व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी ते कोसबाड येथील आदिवासी मुलांपर्यंत नेले. मूल बालवाडीकडे येत नसेल तर बालवाडीने मुलाच्या अंगणात जावे, असा त्यांचा सरळ विचार होता. 15 ऑगस्ट 1995 पासून प्राथमिक शाळांतील पोषण आहाराची राष्ट्रीय योजना अंमलात आली आणि 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला.

शिक्षणाच्या बाबतीत राज्यघटनेने 1950 साली असे उद्दिष्ट ठेवले होते की, दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांस मोफत व सक्तीचे शिक्षण मिळावे. ते उद्दिष्ट वेळेत पुरे झाले नाही. 2002 साली घटनादुरुस्ती होऊन शिक्षण हा सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांचा मूलभूत हक्क ठरला आणि 2009 सालचा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून अंमलात आला. जोतीरावांच्या निवेदनापासून मोजल्यास ह्या प्रवासास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

हजेरीपटावरील रिकामी रकाने

आता पाचोड परिसराकडे वळू. छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाणाऱ्या मार्गावरील हे गाव मोसंबीच्या बागांसाठी व मोसंबीच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. कापूसही ह्या भागात पिकतो. परंतु ज्या कोरडवाहू कुटुंबांचे हाती राबण्याखेरीज दुसरे साधन नाही, ती मराठवाड्यातील असंख्य कुटुंबांप्रमाणे पावसाळा सरल्यावर ऊसतोडीस जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. पती व पत्नी मिळून एक कोयता धरला जातो. साखर कारखान्यांचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो व मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे दसरा-दिवाळी आटोपून कुटुंबे घर सोडतात, त्याच सुमारास बालदिन येतो.

शाळेच्या दृष्टीने ह्या योगायोगाचा अर्थ गंभीर आहे. दिवाळीची सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू होते आणि हजेरीपटावर काही नावांपुढील रकाने रिकामी राहू लागतात. ती मुले आजारी नसतात, शाळेस कंटाळलेलीही नसतात. ती कोठेतरी कारखान्याच्या हद्दीत, पाचटाच्या व बांबूच्या कोपीत, आईबापांबरोबर असतात. आईबाप पहाटेच्या अंधारात फडात गेल्यावर थोरले मूल धाकट्यास सांभाळते, पाणी भरते, वाढे गोळा करते. बालदिनाचा खाऊ वाटला जातो तेव्हा ते मूल रांगेत नसते. पोषण आहाराची पंगत बसते तेव्हाही ते नसते. वार्षिक परीक्षेच्या तोंडावर ते परत येते, तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. असे दोन-तीन हंगाम गेले की, ते मूल वर्गात बसण्यास लाजते व पुढे शाळेचे नावच सोडते. त्याच्या हाती मग कोयता येतो.

एकनाथांच्या कथेतील वाळवंट आज ह्या स्वरूपात आहे. ते मूल मागे राहिले आहे व त्यास उचलणारा हात हवा आहे. संक्रांतीस ज्या उसाचे करवे आपण लाडक्या मुलाच्या डोक्यावरून ओततो, तो ऊस दुसऱ्या एखाद्या मुलाच्या आईने तोडलेला असतो, एवढे जरी ध्यानात राहिले तरी पुष्कळ झाले.

सुदैवाने ह्या प्रश्नावर उपाय नाहीत असे नाही. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालविण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात झाले. आईबाप परगावी गेले तरी मूल आजी-आजोबांजवळ वा नातलगांजवळ गावातच राहावे व त्याच्या जेवणाची सोय व्हावी, ह्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आली. जे मूल आईबापांबरोबर जाणारच, त्यास शिक्षण हमी कार्ड देण्याची पद्धत सुरू झाली. त्यावर मुलाची इयत्ता व प्रगती नोंदविलेली असल्यामुळे तेथील शाळेस त्यास योग्य वर्गात बसविणे सुलभ होते. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजनाही आहे. शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट तरतूद आहे की, मुलाने दुसऱ्या शाळेत जाण्याची मागणी केल्यास मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यावा, आणि दाखला हाती नाही एवढ्या कारणावरून कोणत्याही शाळेने प्रवेश नाकारू नये वा लांबवू नये.

मुलींविषयी विशेष

मुलींच्या बाबतीत ह्या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. सहा महिने घर बंद राहणार, वयात येत असलेली मुलगी कोठे ठेवावी, ह्या चिंतेने अनेक आईबाप तिचे लग्न लवकर उरकून टाकतात. कोयता जोडीने धरावयाचा असल्यामुळे लवकर लग्न करण्यात मजुरीचाही विचार मिसळतो. 1929 सालच्या सारडा कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात मुलीच्या लग्नाचे किमान वय 14 ठरविले होते. ते 1978 साली 18 झाले, आणि 2006 सालच्या कायद्याने बालविवाहास अधिक कडक प्रतिबंध घातला. परंतु कायदा पुस्तकात राहतो व मुलगी घरात.

ह्या विषयात पाचोडनेच एक मार्ग दाखविला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. येथील 'इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट, पाचोड' ही संस्था 1970 नंतरच्या दशकापासून ग्रामीण आरोग्याचे कार्य करीत आहे. ह्या संस्थेने अविवाहित किशोरवयीन मुलींसाठी, विशेषतः शाळा सुटलेल्या मुलींसाठी, जीवनकौशल्यांचे वर्ग सुरू केले. सायंकाळी रोज एक तास, असा वर्षभराचा तो अभ्यासक्रम. शिकविणारी स्त्री त्याच गावातील. आरोग्य, आहार, कायदा, व्यवहार असे विषय त्यात असत. 1997 ते 2001 ह्या काळात कार्यक्षेत्रातील गावांत मुलींच्या लग्नाचे मध्यवय 16 वरून 17 वर आल्याचे पाहणीत दिसून आले. एक वर्ष ही वाढ कोणास अल्प वाटेल. परंतु एका मुलीच्या आयुष्यात ते एक वर्ष म्हणजे आणखी एक इयत्ता व बाळंतपणापूर्वी शरीरास मिळालेली आणखी एक वर्षाची वाढ होय. ह्यासाठी मोठी इमारत लागली नाही. गावातील एक शिकलेली स्त्री व रोजचा एक तास, एवढेच लागले.

बालदिन कसा साजरा करावा ?

वरील विवेचनावरून बालदिनाचा कार्यक्रम कसा असावा हे ठरविता येईल. प्रभातफेरी, खेळ व खाऊ ह्यांस कोणाचाच विरोध नसावा. खेळ हा बालदिनाच्या तीन अंगांपैकी एक आहे व मुलास आनंद देणे हे शिक्षणाचेच काम आहे. मात्र भाषणे मोठ्यांनी लांबविण्याऐवजी मुलांस बोलू द्यावे. तीन तिकिटांची चित्रे फळ्यावर काढून त्यांवर मुलांशी गप्पा माराव्यात. नाथांची कथा, हत्तिणीची कथा व जेब बाईंची कथा ह्या तिन्ही एकामागून एक सांगितल्यास, तीन निरनिराळ्या काळांतील माणसांनी एकच गोष्ट केली, हे चौथीच्या मुलासही उमगेल.

परंतु बालदिनाचे मुख्य काम त्या दिवसापूर्वीच सुरू झाले पाहिजे. दसऱ्याच्या सुमारास कोणती कुटुंबे बाहेर जाणार आहेत, ह्याची यादी वर्गशिक्षकांनी तयार करावी. ज्यांचे मूल गावात राहू शकेल अशा आईबापांची भेट घेऊन व शाळा व्यवस्थापन समितीस बरोबर घेऊन हंगामी वसतिगृहाची सोय वेळेवर मागावी. जे मूल जाणारच, त्याचे हमी कार्ड कुटुंबाच्या गाडीत सामानाबरोबर ठेवले गेले आहे की नाही, हे पाहावे. ते शाळेच्या कपाटात राहिले तर त्याचा उपयोग नाही. पुस्तके त्याच्याबरोबर द्यावीत. मूल परत येईल तेव्हा त्यास कोणी हिणवू नये व त्याचा मागे पडलेला भाग भरून निघावा, ह्याची योजना आधीच आखून ठेवावी.

14 तारखेस हजेरी घेताना गैरहजर मुलांची नावेही वर्गात आवर्जून वाचावीत. ते मूल कोठे आहे, कोणत्या कारखान्यावर आहे, त्याच्या मित्रांस ठाऊक असल्यास विचारावे. त्या दिवशी वर्गातील मुलांनी त्यास एखादे पत्र लिहावे. लेखनाचा तो उत्तम पाठ होईल आणि ते पत्र पोहोचले तर दूरच्या कोपीतील मुलास आपली जागा अजून राखलेली आहे, हे कळेल. पंडितजींनी आपल्या कन्येस लिहिलेल्या पत्रांचे याहून चांगले स्मरण दुसरे असू शकणार नाही.

बालदिन हा समोर बसलेल्या मुलांच्या आनंदाचा दिवस आहे, ह्यात शंका नाही. परंतु त्याचा उगम पाहिला असता तो मुळात जे मूल समोर नाही त्याच्यासाठी निघाला, हे विसरून चालणार नाही. ज्या शाळेत पुढील वर्षीच्या 14 नोव्हेंबरला ह्या वर्षीपेक्षा एक जरी रकाना कमी रिकामा राहील, त्या शाळेने बालदिन यथार्थतेने साजरा केला, असे म्हणता येईल.